लेकीच्या गावात जेवायचं कुठं

हिंगोलीच्या त्या लॉजमध्ये सगळं होतं. गरम पाणी होतं, भिंतीवर हिमालय होता, पलंगाखाली कोणाची तरी एकच चप्पल होती. नव्हतं फक्त स्वयंपाकघर. मॅनेजर म्हणाला, "काही तकलीफ न्हाई, बाहेर पाऊल टाकलं की खानावळ." मी आनंदानं थोरल्या भावाकडं पाहिलं. तिथंच चुकलं. दादाला घेऊन जेवायची जागा शोधणं म्हणजे उंटाला टोपी शिवायला घेणं.

आम्ही आलो होतो दादाच्या लेकीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. मुहूर्त दुसऱ्या दिवशी पहाटेचा आणि आमचं गाव औंढ्याच्या पलीकडं आडवाटेला, म्हणून आदल्या दिवशीच येऊन थांबलो. लेकीचं घर लॉजपासून हाकेच्या अंतरावर. तिथं पाहुण्यांसाठी कढया चढलेल्या. पण लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. आता गावात तो कोणी पाळत नाही. दादा पाळतो. लग्नाला दोन वर्षं झाली, पोरीच्या हातचा घोटभर चहा त्यानं घेतला नव्हता. आणि दादा पाळतो म्हणजे मलाही पाळावा लागतो.

"मी चुलता आहे," मी म्हणालो. "चुलत्याला कशाचा नेम?"

"लग्नात फेटा बांधून बापाच्या जागी मिरवत होतास ना? मग आता उपाशीही बापाच्या जागीच राहा."

शेजारच्या गल्लीत खानावळ होती. आत गेलो तर पाटवडीच्या रश्शावर लाल तवंग, तव्यावर टम्म फुगलेली ज्वारीची भाकरी, परडीत कांदा. हात धुतले. ताटं आली. मी भाकरी मोडली आणि दादानं मालकाला विचारलं, "गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

दादा माणसाला गाव विचारल्याशिवाय राहू शकत नाही. दाढ काढणाऱ्या डॉक्टरलाही त्यानं तोंडात पकड असताना गाव विचारलेलं मी पाहिलं आहे.

"गोरेगाव," मालक म्हणाला.

"आमच्या लेकीचं सासरही मूळ गोरेगावचंच."

झालं. कोण कोणाचे करत करत निघालं असं की, आमच्या विहीणबाईंची थोरली बहीण याची बायको. तीच आत भाकरी थापत होती. दादा ताटावरून उठला.

"अवो, काहून उठले?" मालक घाबरला. "तिखट झालं का?"

"तिखट न्हाई, नातं झालं," दादा म्हणाला. "ईनबाईच्या बहिणीची चूल म्हणजे लेकीच्या घरचीच चूल."

माझा घास बोटांत होता. दादानं तो नजरेनं खाली ठेवायला लावला.

चौकात पोह्यांची गाडी होती. गाडीवाला निघाला जावयाचा आतेभाऊ. वर लिंबू पिळून दिलेले पोहे मी स्वतःच्या हातानं परत केले. त्या पोह्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.

"आता तू तोंड उघडायचं न्हाई," मी दादाला बजावलं. "फक्त घास घालायला उघडायचं."

मग मी डोकं चालवलं. रस्त्याच्या कडेला एका राजस्थानी माणसाचा ढाबा होता. हजार कोसांवरचा माणूस, इथं कुठून येणार सोयरीक? दादाही खुशीत आला. तोंड गच्च मिटून बसला. दालबाटीवर तुपाची धार पडली. इतक्यात तो मालक दादाकडं निरखून बघत म्हणाला, "अरे! आप तो बहू के पिताजी! शादी में मैं था ना! आपका दामाद तो मेरी बीवी से राखी बंधवाता है!"

मी डोळे मिटले. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"राखीचं नातं रक्ताच्या वरचं," दादा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा धुतलेले हात पंच्याला पुसत चालू लागला.

लॉजच्या पायऱ्यांवर आम्ही भुकेनं गळालेले बसलो होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. पुतणी होती.

"काका, बाबा कशावर रागावले?"

"न्हाई गं पोरी."

"मग हिंगोलीभर ताटावरून काहून उठून राहिले? मावशीचा फोन आला, पोहेवाल्या भावजींचा आला, ढाब्यावरच्या ताई तर रडल्या. इथं समदे मला विचारून राहिले, आमचा काही मानपान चुकला का. सासूबाई न बोलता चपला घालून निघाल्यात. उद्या या घरात मी कोणत्या तोंडानं पूजेला बसू?"

फोन दादानं ऐकला होता. त्याचा चेहरा उतरला. भूक त्याला चालत होती. लेकीला खाली बघावं लागणं चालत नव्हतं. आणि नेम मोडणंही जमत नव्हतं. तो जागेवर बसूनच येरझाऱ्या घातल्यासारखा हलू लागला.

विहीणबाई आल्या त्या गाडीवरून उतरलेल्या फौजदारासारख्या. मागं पुतणी, तिचा नवरा, आणि वास्तुशांतीला आलेले अर्धे पाहुणे.

"इवाई," त्या म्हणाल्या, "आमच्या घरचं चालत न्हाई ना तुमाला?"

"नेम आहे, ईनबाई. राग न्हाई."

"बराबर. नेम मोडा असं मी म्हणणार न्हाई. पण आमाला तर तुमच्या घरचं चालतं ना? मग घाला जेवायला. चला!"

आणि सगळी वरात त्या पाटवडीच्या खानावळीत नेली. "दाजी, उठा त्या खुर्चीवरून," त्यांनी बहिणीच्या नवऱ्याला फर्मावलं. "सांज होईस्तोवर ही खानावळ इवायांची. चूल त्यांची, घर त्यांचं. आक्का, तू पण बाहेर ये. आज तू पाहुणी."

दाजी उठले, चक्क गिऱ्हाइकांत जाऊन बसले. दादा मालकाच्या खुर्चीवर अंग चोरून बसला. पुतणीनं पदर खोचला.

"बाबा, मी आत जाते," ती म्हणाली. "माहेरी आल्यावर भाकरी मीच थापते."

दादानं नुसती मान हलवली.

मग जे सुरू झालं ते लग्नातही झालं नव्हतं. वरपक्षाला लेकीच्या बापाकडं जेवताना खोड काढायचा हक्क असतो, तो सगळ्यांनी मनापासून बजावला. "रस्सा पातळ आहे, इवाई!" "आमच्या पंगतीला लोणचं न्हाई का?" पोहेवाला भाऊ गाडी सोडून आला होता, तो रुसून बसला आणि त्यानं दोनदा मनधरणी करून घेतली. रस्त्यावरचं कोणी अनोळखी गिऱ्हाईक आत आलं, तर दादानं त्यालाही वरपक्षाचा समजून वाकून नमस्कार केला.

पुतणी आतून ताट घेऊन आली. सगळ्यांसमोर तिनं ते बापापुढं ठेवलं, आणि पाणी भरलेला तांब्या. दादानं आधी तांब्या उचलला. गटागटा प्यायला. मग भाकरी मोडली, चावली, आणि म्हणाला, "कड जाड राहिलीय."

"मग दुसरी आणू?"

"आण. हीही राहू दे."

ती हसली, डोळ्यांना पदर लावला आणि चुलीकडं पळाली.

मी हळूच दादाशेजारी बसून ताट ओढायला गेलो, तर विहीणबाईंचा आवाज आला, "मुलीचे काका बसले कसे? वरपक्ष अजून जेवतोय!"

दादानं भरल्या तोंडानं मला रश्शाची बादली दाखवली.