रिमोटच्या बटणाखालचा ठिपका

शनिवार-रविवार मी लातूरच्या शिकवणीत फिजिक्स शिकवायचो आणि बाकीचे दिवस नांदेडला संशोधन करायचो. प्लास्टिकमध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळून त्यातून वीज न्यायची होती. वर्ष गेलं, मिश्रण तासन्‌तास घोटलं, तरी त्या प्लास्टिकची पट्टी काही वीज नेईना.

एकदा वर्गातल्या प्रोजेक्टरचा रिमोट बंद पडला, म्हणून गल्लीतल्या रिमोट-दुरुस्तीच्या टपरीवर गेलो. पिकल्या मिशांच्या रिमोटवाल्याने पंक्चरच्या सोल्युशनमध्ये कार्बनची पूड टाकली आणि काडीने जेमतेम चारदा हलवली.

"आणखी घोटा की," मी शहाणपणा केला.

"न्हाई सर. लई घोटलं की कण एकमेकाला सोडतेत." बटणाखाली वीज नेणारा तो काळा ठिपका लावत तो म्हणाला, "भूकंपात आम्ही रांगेनं हातोहात दगड काढले. मधला एक हात पोचला न्हाई, की दगड तिथंच."

ठिपका वाळेपर्यंत त्याने चहा पाजला. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबलं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा रिमोटच्या टोकाचा दिवा मोबाइलच्या पडद्यावर लुकलुकला आणि तो स्वतःशीच हसला.

नांदेडला परतून मी मिश्रण निम्माच वेळ घोटलं. पट्टीतून वीज गेली!

प्रबंधात आभाराच्या पानावर लिहिलं, 'रिमोटवाले, लातूर.' नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.

"हे कोण?" गाइडनी विचारलं.

म्हटलं, "सर, मधला हात."