क्रेनवरचा बिनसाखरेचा चहा

"दत्ताभाऊ, खरं सांगा. बाहेरचं काय खाता?"

"शपथ घेतो मॅडम. भाकरी, भाजी, संपलं. चहातली साखरबी सोडली."

वजनकाटा मात्र दर वेळी पुढेच सरकत होता.

मी चाकणच्या एका कंपनीत आहारतज्ज्ञ आहे. दत्ताभाऊ तिथले क्रेन ऑपरेटर. छताखालच्या केबिनमध्ये बसून लोखंडाचे अवजड साचे हलवायचे. वजन आणि शुगर दोन्ही वाढल्यामुळे कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना शेवटची संधी दिली होती. पुढच्या मेडिकलला अनफिट निघाले, तर क्रेन बंद आणि बदली पॅकिंगला.

"वर बसलो की मी राजा असतो, मॅडम. मला खाली नका आणू," ते म्हणाले. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. माझा प्लॅन असा तोंडावर पडतो म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी मी हेल्मेट घालून सरळ शॉप फ्लोअरवर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने एक वेल्डर चहाच्या मशीनवरून दोन चहा घेऊन आला. एक स्वतः प्यायला, दुसरा दोरीला बांधलेल्या डब्यात ठेवला. डबा वर गेला. मग फिटरने तेच केलं. मग चक्क सुपरवायझरने. क्रेनवरच्या माणसाला सारखं उतरता येत नाही, म्हणून चहाला जाणारा प्रत्येक जण त्याचाही कप आणणार, ही त्या शेडची रीत.

जेवणाच्या सुट्टीत मी दत्ताभाऊंना गाठलं. "अहो, किती चहा पिता!"

"पोरं मायेनं देत्यात, न्हाई कसं म्हणायचं? आन् बिनसाखरेचा हाय. चिमूटभरबी टाकत न्हाई."

मी घोटभर पिऊन पाहिला. नुसता पाक! मशीनमध्ये प्रीमिक्स असतं, म्हणजे दूध पावडर, चहा आणि साखर आधीच एकत्र केलेली पूड. वरून साखर टाकायची गरजच काय?

मी प्लांट हेडकडे गेले. "बिनसाखरेची पावडर मागवा. साखर बाजूला ठेवा."

"लोक ओरडतील, मॅडम."

"दत्ताभाऊ पॅकिंगला गेले, की साचे कोण उचलणार?"

साहेबांनी तिथल्या तिथे फोन लावला.

राहिला डबा. तो बंद करायला कोणी तयार होईना. मग मीच म्हटलं, "पाठवा, पण चहा दोनदाच. एरवी ताक, काकडी, भाजलेले फुटाणे."

"भावा, तुझा डबा आता व्हीआयपी झाला!" वेल्डर खालून ओरडला.

मेडिकलच्या दिवशी सगळी शेड दवाखान्याच्या दाराशी. शुगर आटोक्यात, वजन चांगलंच उतरलेलं. डॉक्टरांनी 'फिट' म्हटलं आणि पोरांनी दत्ताभाऊंना खांद्यावर घेतलं. आधी ते कोणाला उचलता आले नसते, हेही सांगून टाकते. मी बाजूला उभी राहून वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते.

तेव्हापासून मी कोणालाही 'काय खाता?' एवढंच विचारून थांबत नाही. 'तुम्हाला कोण कोण खाऊ घालतं?' हेही विचारते.