मोकळा ठेवलेला भाग

कुंभकोणमहून गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरात भजनासाठी मी आणि शिवरंजनी चालत निघालो होतो; तिथे मी अभंग गाते. निम्म्या वाटेत ती थांबली. शाळेत ती भरतनाट्यम शिकवते, पण हल्ली एका मंडळीत नव्या तऱ्हेचा नाच बसवतेय. त्यातला मधला भाग तिने मोकळा ठेवलाय; तिथे त्या क्षणी सुचेल ते नाचायचं.

"अक्का, हात रोज कालच्याच जागी जातो हो! उद्याच्या तालमीतही तसंच झालं तर मंडळीचे सर तो भाग काढून टाकणार."

"मग पाठच कर की."

"पाठ करायचं तर शाळेतलं काय वाईट होतं?" ती चिडली. "तालमीत रोज वाजणारं रेकॉर्डवरचं गाणं अंगाला ठाऊक झालंय, तेच नडतंय."

थोडं चालल्यावर तिने माझा हात धरला.

"उद्या तालमीत रेकॉर्डऐवजी तुम्ही गा, अक्का. कुठला अभंग, ते मला आधी सांगू नका."