पांढरा अंगरखा

संस्थान विलीन होऊन जमाना लोटला, पण आमच्या घरातली जामदारी काही विलीन झाली नाही. जामदार म्हणजे राजाचे पोशाख सांभाळणारा. दसऱ्याला सरकारांच्या अंगावर अंगरखा चढवायचा मान आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. एरवी आमचे सरकार साध्या शर्टात उसाला पाणी द्यायला उभे असतात. सीमोल्लंघनाला मात्र शेंदरी किनखाबी अंगरखाच लागतो.

आबा विसरायला लागलेत, हे मला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. नेवाशाच्या शाळेत मी पोरांना खरं बोला म्हणून दामटते, पण वाड्यावर याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मान गेला तर आबा खचतील, हे एक कारण. दुसरं म्हणजे, तो मान मलाही मिरवायला आवडायचा.

गेल्या दसऱ्याला मी मदतीला सोबत गेले. आबांनी पेटीतून बासन काढलं, गाठ सोडली आणि पांढरा मलमली अंगरखा उलगडला.  हा अंगरखा फक्त सुतकाचा. राजा गेला की वारसानं बारा दिवस घालायचा आणि तेराव्याला उतरवून शेंदरी चढवायचा. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दाराशी गावकरी उभे होते. चारचौघांत आबांची चूक कशी काढायची?

सरकारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते काय ते समजले आणि त्यांनी हात पुढे केले. आबांनी सगळे बंद बिनचूक बांधले. मग मुजरा न करता सरकारांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नका, धाकले सरकार. थोरले सरकार लई सुखानं गेले."

सरकारांचे वडील, थोरले सरकार, जाऊन वीस वर्षं झाली होती.

"व्हय, जामदारकाका," सरकार म्हणाले, आणि तसेच पांढऱ्या पोशाखात आपट्याच्या पूजेला निघाले. लोकांत कुजबुज झाली. एकानं मला विचारलंच. "सरकारांचीच इच्छा," असं सांगून मी मोकळी झाले, आणि माझी मलाच शिसारी आली.

घरी परतताना आम्ही रिक्षात बसलो. आबा माझा हात धरून म्हणाले, "तेराव्याला मला लवकर उठीव. शेंदरी पोशाख आपल्यालाच चढवायचा हाय."

"उठवते, आबा," मी म्हणाले.