भीमराजचा अर्क

भीमराज मुनेश्वर आमच्या बाभुळगावच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होता. शिक्षण दहावीपर्यंत, पण द्रावणं त्याच्याइतकी काटेकोर कोणी करत नसे. पद्धत एकच : आधी दाट द्रावण करून ठेवायचं, लागेल तसं पातळ करायचं. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, प्रमाण. नवे प्राध्यापकसुद्धा त्यालाच विचारून प्रात्यक्षिक लावत.

मागच्या जानेवारीत त्याच्या बायकोच्या, इंदूबाईच्या यकृतात कर्करोगाची गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून गाठीत औषध सोडू. अट एक : तोवर कावीळ वाढता कामा नये. उरलेलं यकृत जेमतेम काम करत होतं. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली. ग्रीन टीमधल्या एका घटकानं यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मेल्या, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. मी कॉलेजच्या कार्यालयात कारकून; त्या पानाची झेरॉक्स मीच त्याला काढून दिली.

"साहेब, हे तं आपलंच काम आहे," तो म्हणाला. त्या महिन्यात पहिल्यांदा तो हसला.

यवतमाळहून त्यानं ग्रीन टीची पाकिटं आणली. कपात पुडी बुडवून पिणं त्याला पोरखेळ वाटला. सवयीप्रमाणे त्यानं पाव किलो पत्ती उकळून, गाळून, आटवून काळा दाट अर्क केला. बाटलीवर लेबल लावलं. फक्त या वेळी तो पातळ करायचं त्यानं ठरवून टाळलं. जितकं दाट तितकं लवकर लागू, असा हिशेब. रोज तीन वेळा, उपाशीपोटी, दोन-दोन चमचे.

मी भेटायला गेलो तेव्हा इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती, भीमराज चमचा भरून तिच्यासमोर.

"पाहा ना भाऊजी, जलमभर यायनं पोरायच्या प्रयोगाची भांडी धुतली, आता माह्यावरच प्रयोग करून राह्यले."

"पे ना वं, कायले बोलतं!"

"पेतो. बिबा चाटल्यावानी लागते. साखर तरी टाका."

"साखर टाकली तं शुद्ध कसं राहीन?"

तिनं डोळे मिटून चमचा तोंडात घेतला. मग मला हळूच म्हणाली, "नाही पेली तं हे जेवत नाहीत."

ठरल्या तारखेला आधी रक्त तपासलं. कावीळ तिपटीनं वाढली होती. घरी आणखी काही देता का, असं डॉक्टरांनी विचारलं. भीमराजनं पिशवीतून बाटली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. वर प्रमाण, तारीख, सगळं व्यवस्थित. झेरॉक्सही दिली.

डॉक्टरांनी ती वाचली. "या पेशी काचेच्या ताटलीत होत्या, मुनेश्वर. ताटलीला यकृत नसतं. माणूस जे पितो ते आधी यकृतालाच सोसावं लागतं, आणि इतका दाट अर्क चांगल्या यकृतालाही बाधू शकतो."

"म्हंजे यानंच वाढली?"

"यानं असेल, रोगानंही असेल. आता सांगता येणार नाही. हे बंद करा. महिन्यानं पुन्हा पाहू."

महिन्यानं पोटात पाणी झालं होतं. नळी घालण्याची गोष्ट मग कोणी काढली नाही. इंदूबाई एप्रिलमध्ये गेली. मुलगी शीला पुसदहून आली होती. आईला काय दिलं होतं हे तिला कोणी सांगितलं नाही. इंदूबाईनंच तशी ताकीद देऊन ठेवली होती.

भीमराज तेराव्या दिवशी कामावर आला आणि सरळ माझ्या टेबलापाशी उभा राहिला. हातात अर्ज होता : प्रयोगशाळेतून काढून फाटकावर नेमणूक द्यावी. कारणाची जागा कोरी होती.

"कारण लिहावं लागते, भीमराज."

"तुमीच लिहा साहेब. डॉक्टरले ठाव नाही, मले काय ठाव राहीन?"

मी 'घरगुती अडचण' असं लिहिलं आणि अर्ज प्राचार्यांकडे पाठवला.