चुन्याच्या रेघांचं घर

कुलगुरू निवासाची आखणी पाहायला मी थोड्या कुत्सितपणेच गेलो होतो. नकाशात दोन दिवाणखाने होते. जमिनीवर मात्र नुसत्या चुन्याच्या रेघा. घर पूर्ण होण्याआधीच कुलगुरूंची मुदत संपणार होती. तरी त्यांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या चौकोनात उभ्या राहून इंजिनिअरला म्हणाल्या, “खिडकी पूर्वेला घ्या हो. चहा करताना ऊन यायला हवं.”

“पण मॅडम, तुम्ही तर तेव्हा...”

“मग? पुढची माणसं चहा पिणार नाहीत?”

“घ्या पूर्वेला,” कुलगुरू म्हणाले. “घरात माझंही काही चालत नाही.”

इंजिनिअरने पेन्सिलीने खिडकी हलवली.

निघताना ती दोघं रेघ ओलांडून नाही, दारासाठी सोडलेल्या जागेतून बाहेर पडली. मी मघाशी भिंतीतूनच आत आलो होतो. जाताना मात्र दार शोधलं.