हॅलोकाकांची दोन बोटं

जेवण झालं की हॅलोकाका उठण्याआधी दोन्ही हातांचं एकेक बोट टेबलावर टेकवतात, एकदमच दाबतात आणि मग उठतात. सुरुवातीला काकू हसायच्या. “आता काय, ताटाला कुलूप लावलंत?” म्हणायच्या. काका या चेष्टेवर हसत नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांनी ती सोडून दिली. दवाखान्यातल्या बाकावरून, नातीच्या शाळेतल्या खुर्चीवरून, कुठूनही उठताना ती दोन बोटं, काही नाही तर मांडीवर तरी, दाबली जातातच. काकांना स्वतःला ते कळतही नाही.

काकांचं सगळं आयुष्य कानाला काहीतरी लावण्यात गेलं. तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. ते बंद पडल्यावर रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात आले. घरी कुणी दार वाजवलं तरी त्यांच्या तोंडून आधी “हॅलो” निघायचं, म्हणून हे नाव पडलं. बुटकी मूर्ती, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पण आवाज असा, की रडणारा माणूस पलीकडे श्वास घ्यायला थांबायचा. “हॅलो, बोला, मी ऐकतोय.” एवढंच म्हणायचे.

काम तसं सरळ होतं. फोनवरच्या माणसाकडून पत्ता घ्यायचा, तो स्क्रीनवरच्या चौकटीत टाइप करायचा, मोकळी गाडी निवडायची आणि ‘पाठवा’ दाबायचं. पत्ता ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या पडद्यावर उमटायचा आणि काकांसमोर नवी कोरी चौकट यायची. काकांची यात एक स्वतःची रीत होती. ‘पाठवा’ दाबायच्या आधीच ते फोनवर सांगून टाकायचे, “गाडी निघाली. दार उघडं ठेवा, तिथून हलू नका.” नव्या लोकांना शिकवायचेही तसंच. “आधी धीर पाठवायचा, मग गाडी. मधे कितीसा वेळ जातो?”

शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बसायची. बारीक आवाजाची, सतत चिवचिवणारी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. काका फोन संपवून पाणी प्यायला उठले, की त्यांचं अर्धवट राहिलेलं ती हात लांब करून, गाडी निवडून आणि ‘पाठवा’ दाबून पुरं करायची. दोघांचं असं छान जमलं होतं.

एकदा मुख्य कार्यालयातून एक इंजिनिअर बाई आल्या. जागेवरून उठताना स्क्रीनला कुलूप लावायचं, असा नवा नियम निघाला होता. बाईंनी भराभर सगळे उपाय दाखवले. खिडकीचं चिन्ह असलेली कळ आणि ‘एल’ एकदम दाबा, झालं. नाही जमलं तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा आणि समोर येणाऱ्या यादीतलं ‘लॉक’ निवडा. खिशातला मोबाइल संगणकाशी जोडून ठेवा, तुम्ही लांब गेलात की संगणकाला आपोआप कुलूप लागेल. अगदीच विसराळू असाल तर थोड्या वेळानं तो स्वतःच झोपेल अशी व्यवस्था करून देते.

“आणि मी उठताना स्क्रीनचं बटणच बंद केलं तर?” काकांनी विचारलं.

“त्यानं फक्त चित्र जातं, काका. आत सगळं चालूच असतं. कळ दाबली तर काम होणारच.”

“चित्र गेलं म्हणजे कुणी वाचणार नाही. मग झालं की!”

“दिवा घालवला म्हणजे दाराला कडी लागते का?” चिमणी म्हणाली.

“तू गप गं. उठता बसता पासवर्ड घालायला ही काय तिजोरी आहे?”

सगळे हसले. बाई पुढच्या टेबलाकडे वळल्या. त्या दिवसापासून काका उठताना स्क्रीनचं बटण दाबून ती काळी करायला लागले, आणि आपण नियम पाळतो असं त्यांना मनापासून वाटायचं.

दुपारी टेबलं पुसायला मावशी यायच्या. त्यांनाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं, की पडद्यावर काही दिसत असेल तर हात लावायचा नाही, पडदा काळा असेल तर खुशाल पुसायचं.

त्या दुपारी काकांना एका बाईचा फोन आला. नवरा जेवता जेवता पडला होता, तोंड वाकडं झालं होतं. काकांनी पत्ता घेतला, टाइप केला, बाईला सांगितलं, “गाडी निघाली. दार उघडं ठेवा, तिथून हलू नका.” मग गाडी निवडायला गेले, तर भरलेलं ऑक्सिजनचं नळकांडं कोणत्या गाडीत आहे ते स्क्रीनवर दिसेना. ड्रायव्हरांच्या खोलीतला फोन कुणी उचलेना. काकांनी स्क्रीन काळी केली आणि स्वतःच तिकडं धावले.

“माझ्या गाडीत आहे,” दाढीवाला ड्रायव्हर हातातला घास टाकून उठला. “मी बसतो गाडीत, तुम्ही पत्ता सोडा.”

काका परत आले, स्क्रीन लावली. समोर कोरी चौकट होती. म्हणजे दाढीवाल्याची गाडी तयार दिसताच चिमणीनं नेहमीसारखं पाठवून दिलं, असं काकांना वाटलं. ती स्वतःच्या फोनवर बोलत होती, म्हणून काकांनी विचारलं नाही. तेवढ्यात त्यांचाही फोन वाजला. कुणाचा तरी मुलगा सायकलवरून पडला होता. काका त्यात गुंतले.

तो फोन संपला तोच वायरलेसवर दाढीवाल्याचा आवाज आला. “काका, पत्ता कुठाय? मी गाडी चालू करून बसलोय केव्हाचा.”

“अरे, पाठवलाय की. चिमणे, ती पडलेल्या माणसाची गाडी पाठवलीस ना?”

“कोणती गाडी?” चिमणी म्हणाली. “मी तुमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. स्क्रीन काळी होती.”

काकांनी कीबोर्डवर हात ठेवला. कळा ओल्या होत्या. मघाच्या गडबडीत ते जाणवलंच नव्हतं.

कोपऱ्यात मावशी फडकं पिळत होत्या. त्यांनी काळा पडदा पाहून कळा पुसल्या होत्या. फडक्याखाली कुठलीतरी कळ दाबली जाऊन पत्त्याची चौकट रद्द झाली होती, आणि जे पाठवलं गेलं नव्हतं ते यंत्रात कुठं उरतही नव्हतं.

 काकांनी त्या बाईचा नंबर लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंद. नंबरवरून घर शोधायची सोय त्यांच्याकडे नव्हती. बोलणं रेकॉर्ड झालेलं होतं, पण ते ऐकायचा पासवर्ड साहेबांकडे, आणि साहेब मीटिंगला. चिमणीनं साहेबांना फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. तिनं शेजारच्या टेबलावरच्या मुलाला साहेबांना बोलवायला जिन्यावरून पळवलं.

“ती पुन्हा करेल फोन,” कुणीतरी म्हणालं. “शेजाऱ्यांकडून करेल.”

“नाही करणार,” काका म्हणाले. त्यांचा तो आवाज कुठंतरी गेला होता. “मी तिला सांगितलंय गाडी निघाली म्हणून. हलू नका म्हणून. ती उभी असेल तिथंच.”

त्यांनी डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं. पत्ता त्यांनी स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता. पण आठवायला गेलं की मधे सायकलवरून पडलेल्या मुलाचाच पत्ता येत होता, घर, मजला, गल्लीसकट. जो नको तो लख्ख आठवत होता. काकांनी कपाळावर मूठ मारून घेतली.

चिमणीनं आपली खुर्ची ओढली आणि त्यांच्या पुढ्यात बसली. “काका, डोळे मिटा. हॅलो, बोला, मी ऐकतोय.”

“अगं ही काय वेळ...”

“हॅलो, बोला ना. काय झालंय?”

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. “हे पडलेत,” ते म्हणाले. “जेवता जेवता. तोंड वाकडं झालंय ह्यांचं.”

“श्वास चालू आहे?”

“आहे. घरघर होतेय. लवकर पाठवा हो.”

“पत्ता सांगा.”

काकांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी यायला लागलं. “नाही आठवत गं.”

“पत्ता राहू दे. तिनं आधी काय सांगितलं?”

“फोनचं चार्जिंग संपत आलंय म्हणाली.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणालो, मग आधी पत्ता सांगा, बाकीचं नंतर. मग ती म्हणाली... टाकी. पाण्याच्या टाकीच्या मागं.”

वायरलेस चालूच होता. “टाक्या दोन आहेत, काका,” दाढीवाला म्हणाला. “एक बाजारात, एक टेकडीखाली. दोन टोकं आहेत गावाची. चुकीच्या टोकाला गेलो तर संपलं.”

“घाबरू नका,” चिमणी म्हणाली. काकांचेच शब्द ती काकांना सांगत होती. “नीट सांगा. घराखाली काय आहे? दुकान वगैरे?”

“इस्त्रीवाला. खाली इस्त्रीवाला आहे, जिना बाहेरून आहे.”

“इस्त्रीवाले काय, गल्लोगल्ली आहेत,” वायरलेस म्हणाला.

“काका, तिच्या मागं काय ऐकू येत होतं?”

आयुष्यभर काकांनी दुसऱ्यांची बोलणी ऐकली होती. बोलण्याच्या मागचं ऐकायचं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, पण कान उघडेच असायचे. ते खुर्चीत पुढं वाकले. “भांडं पडलं एक. ती रडत होती. पंखा खटखटत होता. आणि... पोरं.”

“घरातली?”

“नाही, बाहेरची. खूप. नुसता कालवा. मग घंटा झाली आणि सगळा कालवा एकदम थांबला.”

“शाळा!” चिमणी ओरडली.

“टेकडीखालची टाकी,” दाढीवाला म्हणाला. “शाळेचं मैदान तिला लागूनच आहे. निघालो.” गाडीचा भोंगा वायरलेसमधून आणि खिडकीतून, दोन्हीकडून ऐकू आला.

आता करण्यासारखं काही उरलं नाही. हेच सगळ्यात वाईट होतं. बाजारातल्या टाकीजवळही एखादी शाळा असेल, एखादी शिकवणी असेल, असं काकांच्या मनात येत राहिलं. ती बाई त्यांना दिसत होती. उघड्या दारात उभी, एक कान रस्त्याकडे, एक कान आत. अनोळखी माणसाच्या दोन शब्दांवर तिनं नवऱ्याचा जीव ठेवला होता. शेजाऱ्याचं दार ठोठावलं असतं, कुणाची रिक्षा मिळाली असती, पण काकांनी तिला तिथंच खिळवून ठेवलं होतं. इतरांचे फोन वाजत होते, काकांचाही वाजला. त्यांनी तो घेतला, पत्ता लिहिला, गाडी पाठवली. तोंडातून “निघाली” हा शब्द मात्र निघेना.

“इस्त्रीचं दुकान दिसलं,” वायरलेस खरखरला. “जिना... जिना आतून आहे. हे नव्हे.”

चिमणीनं टेबलाची कड धरली.

“पुढच्या गल्लीत बघतो. थांबा. इथं आहे एक. बाहेरून जिना. दार उघडं आहे, काका! वर बाई उभ्या आहेत. हात करतायत.”

काकांनी माईक तोंडाजवळ धरला. “नाडी?”

बराच वेळ नुसती खरखर होती. मग उत्तर आलं, “लागतेय. बोलत नाहीत काही. उचलतोय.”

काका उठायला लागले आणि पुन्हा बसले. त्यांनी समोरच्या कीबोर्डकडे पाहिलं, ती खिडकीच्या चिन्हाची कळ शोधली, मग ‘एल’ शोधला, आणि दोन्ही एकदम दाबल्या. पडद्यावर कुलूप आलं. मग ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

बाहेर मावशी फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. “माझ्या हातनं काही झालं का हो?”

“नाही,” काका म्हणाले. “कडी मी लावली नव्हती. तुम्ही तुमचं काम केलंत.”

साहेबांनी काकांना खोलीत बोलावून बरंच सुनावलं. काका मान खाली घालून ऐकत होते. त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांनी स्वतःला आधीच ऐकवलं होतं. त्या माणसाचा जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं अडखळू लागलं. गाडी वेळेवर गेली असती तर किती वाचलं असतं, हे काकांनी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं, म्हणूनच विचारलं नाही.

काही महिन्यांनी पुन्हा एका दुपारी फोन आला. “हॅलो” म्हणताच काकांनी तो आवाज ओळखला.

“ह्यांना परत तसंच होतंय,” ती म्हणाली. “टाकीच्या मागं, खाली इस्त्रीवाला...”

“बाहेरून जिना,” काका म्हणाले. बोटं टाइप करत होती. त्यांनी गाडी निवडली, ‘पाठवा’ दाबलं, कोरी चौकट आली. तरी त्यांनी वायरलेसवर विचारलं, “मिळाला पत्ता?”

“गाडी निघाली ना?” बाईनं विचारलं.

“अजून नाही. ड्रायव्हर गाडीत बसतोय. फोन ठेवू नका. चार्जिंग आहे ना?”

“आहे. त्या दिवसापासून भरूनच ठेवते.”

“हं. आता निघाली.”

पलीकडे पंखा खटखटत होता. त्याच्या आवाजाखाली एका माणसाची घरघर ऐकू येत होती.

“मागच्या वेळी फार वेळ लागला हो,” बाई म्हणाली. “मी दारातच उभी होते. गाडी लांबून आली होती का?”

 शेजारी चिमणी हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत होती.

“नाही, बाई,” काका म्हणाले. “मी निघाली म्हणालो तेव्हा ती निघालेली नव्हती.”

 काकांना वाटलं, आता ती फोन ठेवेल. पंखा खटखटत राहिला.

“आणि आज?” तिनं हळूच विचारलं.

“आज निघाली आहे. मी आहे फोनवर. त्यांना कुशीवर वळवा, डोक्याखाली काही ठेवू नका.”

ती वळवत होती, ते काकांना ऐकू येत होतं. नवऱ्याशी काहीतरी बोलत होती, रागवत होती, समजावत होती. घरघर मधेच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. थांबली की काकांचाही श्वास थांबायचा. मग लोखंडी जिन्यावर पावलं वाजली.

“आले,” ती म्हणाली, आणि फोन तसाच कुठंतरी खाली ठेवला गेला.

काका ऐकत राहिले. बोलणी, स्ट्रेचरची खडखड, उतरती पावलं, मग नुसता पंखा. बऱ्याच वेळानं त्यांनी कानावरचा हेडफोन काढला, दोन बोटं एकदम दाबली आणि पाणी प्यायला उठले.